जवंजाळसाहेबांचे वाकडे शेतकरी

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजी पुरत नसेल तर कापूस बांधायच्या रिकाम्या फाऱ्या, गोणपाटं पडली आहेत, त्यांच्यावर बसा. कापसाची शेड आहे, इथं कोणाचे कपडे खराब होणार नाहीत.

साहेबांच्या पत्नी सुमनवहिनी, अध्यक्षसाहेब, संचालक मंडळी, घाटावरून, उंद्रीहून आलेले साहेबांचे भाऊबंद, आणि या खरेदी केंद्रावर गाड्या घेऊन येणारे तुम्ही सगळे. माझं नाव आधी पुकारलं होतं, तेव्हा मी उठलो नाही. पुढच्याला जाऊ दिलं. त्याच्याही पुढच्याला जाऊ दिलं. आता कोणी उरलं नाही. मला बोलायची सवय नाही हो. भजनात मी टाळ धरतो, गातात दुसरे. पण आज बोललो नाही तर मग कधीच बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

तुम्ही मला ओळखता. मी गजानन. या केंद्रावर वीसेक वर्षं नोंदीचं काम करतो. गाडी आली की नाव, गाव, किती कापूस, हे लिहून घेणारा माणूस. आणि आपले दिनकरराव जवंजाळ, ज्यांना गेल्या मंगळवारी आपण पोचवून आलो, ते आपल्या केंद्राचे संगणकवाले साहेब. चार हंगाम त्यांनी तुमच्या गाड्यांचे दिवस ठरवले. त्याआधी कसं होतं ते आठवा. रस्त्यापर्यंत रांग, आठ-आठ दिवस मुक्काम, बैलांना वैरण नाही, प्यायला पाणी नाही. साहेबांनी ते बंद केलं. नाव नोंदवा, तुमचा दिवस तुमच्या गावात चावडीवर लागेल, त्या दिवशी या, कापूस मोजा आणि घरी जा.

हे सगळे सांगून गेले. अध्यक्षसाहेबांनीही सांगितलं. मला त्याच्या आतलं सांगायचं आहे.

आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तीन वर्षं कोणाला सांगितली नाही. साहेबांनाही नाही. ती गोष्ट ज्यांच्याबद्दल आहे ते तायडेबाबा इथंच समोर बसले आहेत, खांबाला टेकून. बाबा, तुम्ही शेवटपर्यंत थांबा. उठून जाऊ नका. बाजारात आजही म्हणतात, जवंजाळच्या मशीननं तायड्याचा कापूस भिजवला. मंगळवारी साहेबांना पोचवायला निघालो तेव्हासुद्धा रस्त्यात कोणीतरी हळूच म्हणालं. मी ऐकलं. मंडळी, ते खरं नाही. खरं काय ते मी सांगतो. पण आधी साहेबांबद्दल सांगू द्या, नाहीतर तुम्हाला नुसता मी दिसेन, साहेब दिसणार नाहीत.

साहेब मुंबईला एका कापड गिरणीत होते. तिथलं यंत्र या शेडच्या अर्ध्याएवढं. त्याला सांगायचं ते पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून सांगायचं. एकदा जिन्यात त्यांच्या हातून पत्त्यांचा ट्रे सुटला. हजारभर पत्ते जिनाभर. पुन्हा क्रमानं लावायला तीन दिवस लागले. साहेब सांगायचे, "बुवा, त्या जिन्यात मी जे शिकलो ते वर्गात नाही शिकलो. पत्त्यावर नंबर टाकलेले नव्हते. काऊन? तर म्हणे पडणारच नाहीत."

मला ते बुवा म्हणायचे. माझ्या गळ्यातल्या माळेमुळं. आणि काऊन हा त्यांचा शब्द. मुंबईत एवढी वर्षं काढली, इंग्रजीत पत्रं लिहिली, पण प्रश्न विचारायची वेळ आली की उंद्रीचाच शब्द तोंडात.

आईच्या आजारपणात ते घाटावर परत आले आणि आई गेल्यावरही राहिले. मग आपल्या संस्थेनं त्यांना खाली बोलावलं. संगणक घेतला, खोलीला रंग दिला, पडदे लावले. अध्यक्षसाहेब म्हणाले, "जवंजाळसाहेब, कधी चालू करता? सोमवारी?" साहेब म्हणाले, "आधी पंधरा दिवस मला फाटकावर बसू द्या."

आणि बसले की हो! खुर्ची नाही, फाटकाजवळच्या दगडावर. येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याशी बोलायचे. कुठून आलात? कधी निघालात? वाटेत कुठं थांबलात? बैल घरचे की मागून आणलेले? लोकांना वाटलं, हा माणूस मुंबईचा दिसत नाही, हा सोयरीक जुळवायला आलाय. संचालक म्हणत, यंत्र झाकून ठेवलंय आणि साहेब गप्पा मारून राह्यले. मलाही तसंच वाटायचं. मी म्हणालो, "साहेब, लिहायला कधी घेणार?" ते म्हणाले, "बुवा, लिहिणं शेवटचं. सोपं असते ते. यंत्र आपण सांगू तेच करते. आपल्याले काय सांगायचं तेच माहीत नसलं, तर ते चुकीचं काम लवकर करते, एवढंच."

मी माझ्या कामाचं काही सांगितलं की ते काऊन विचारायचे. उत्तर दिलं की त्याच्यावर पुन्हा काऊन. तिसऱ्या काऊनला मी म्हणायचो, "असंच आहे, साहेब. पहिल्यापासून." मग ते खूश व्हायचे. "आता भेटलं," म्हणायचे. "असंच आहे म्हटलं की समजायचं, इथं काहीतरी हाये."

मग त्यांनी लिहायला घेतलं. प्रोग्राम म्हणजे यंत्रासाठी एकाखाली एक लिहिलेल्या सूचना, एवढं मला त्यांनी शिकवलं. पण साहेबांचं लिहिणं लांबलचक नसायचं. छोटे छोटे तुकडे. एका तुकड्यानं गाव शोधायचं, एवढंच. दुसऱ्यानं दिवस मोजायचे, एवढंच. प्रत्येकाला साधं नाव. आणि मधे मधे आपल्या भाषेत ओळी, ज्या यंत्र वाचत नाही. मी विचारलं, "यंत्र वाचत नाही तर कशाला लिहिता?" ते म्हणाले, "यंत्रासाठी नाहीत त्या. माझ्यामागून जो येईल त्याच्यासाठी. त्याला मी भेटणार नाही ना."

मंडळी, मी काल त्या ओळी वाचत होतो. शोभाताईंनी कागदावर छापून दिल्या. शोभाताई, म्हणजे संगणकावर बसणाऱ्या आपल्या शोभाताई, त्या तिकडं बसल्या आहेत. एका ठिकाणी लिहिलं आहे: "हा तुकडा मला आवडलेला नाही. घाईत केला आहे. वेळ मिळाल्यावर सुधारावा." स्वतःच्या कामाबद्दल असं लिहून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता वाकड्या शेतकऱ्यांचं सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांना हे माहीत नसेल.

यादी बरोबर लागते का, हे साहेब खऱ्या माणसांवर करून बघत नसत. त्यांनी एक रजिस्टर केलं होतं. वर लिहिलं होतं, वाकडे शेतकरी. त्यात खोटी माणसं. नाव, गाव, शेत, बैल, सगळं खोटं, पण प्रत्येकाची एक खोड खरी. एक जण, ज्याचं नाव आणि बापाचं नाव आणि चुलतभावाचं नाव एकच. एक, ज्याचं शेत दोन गावांच्या शिवेवर. एक, जो दिवसाच्या आधीच येऊन बसतो आणि हलत नाही. एक बाई, जिच्या नावावर शेत आहे पण नोंद दिराच्या नावानं झाली आहे. एक, जो कापूस शून्य लिहितो आणि तरी गाडी घेऊन येतो.

दर शनिवारी आम्ही चौघं-पाच जण बसायचो. प्रत्येकानं एक नवा वाकडा शेतकरी आणायचा, असा नियम. साहेब म्हणायचे, "माह्या प्रोग्रामले पाडून दाखवा. पाडलं त्याले भजे." बाजारातून भजी यायची. मी काही वेळा पाडलं. पाडलं की साहेब टाळी वाजवायचे. शोभाताई म्हणायच्या, "साहेब, तुमचंच काम मोडलं, आणि तुमालेच आनंद?" ते म्हणायचे, "इथं मोडलं तर भज्यावर भागते, ताई. फाटकावर मोडलं तर माणसाले भोगा लागते."

एक नवा आला की जुने सगळे पुन्हा चालवायचे. एक अक्षर बदललं तरी सगळे चाळीस पुन्हा. शोभाताई कुरकुरायच्या. "कालच तर चालवले हो!" "काल प्रोग्राम वेगळा होता," साहेब म्हणायचे. "ताई, एका घरात नवीन सून आली की सगळ्या घराचं बसणं-उठणं बदलते. पाहून घ्या लागते."

वहिनी, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

वहिनींना ठाऊक आहे ती गोष्ट सांगतो. सगळ्या कामाच्या नकला साहेब काळ्या चकत्यांवर घ्यायचे. फ्लॉपी. एक नक्कल इथं कपाटात, आणि एक दर पंधरवड्याला उंद्रीला घरी. "एक घाटाखाली, एक घाटावर," म्हणायचे. "आग लागली, पाणी आलं, तर दोन्हीकडं एकाच दिवशी नाही येणार." एष्टीत ती चकती एका स्टीलच्या डब्यात ठेवून, डबा पंच्यात बांधून, मांडीवर घेऊन बसायचे. राजूरच्या घाटात गाडी वळणं घेते तेव्हा दोन्ही हातांनी धरायचे. एकदा मी सोबत होतो. कंडक्टर म्हणाला, "काका, डबा वर ठेवा ना." साहेब म्हणाले, "नाही जमत." "काय हाये त्याच्यात एवढं?" साहेब म्हणाले, "तीन हजार शेतकरी." कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो पुढं गेला, पण घाट संपेपर्यंत मागं वळून बघत होता.

असे साहेब. आता माझं.

ज्या दिवशी संगणक आला, त्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून आलो. कुंकू, फुलं, नारळ आणला. नवीन वस्तू घरात आली की आपण करतोच. मी कुंकू लावलं आणि नारळ फोडायला उचलला. यंत्र बसवायला शहरातून दोन माणसं आली होती. त्यातला एक ओरडला, "अरे, पाणी आत जाईल! याला काय बैल समजलात का?" आणि सगळे हसले. संचालक हसले. शिपाई हसला. मी साहेबांकडं बघितलं. साहेबही थोडे हसले.

एवढंच. त्यांनी नंतर स्वतः तो नारळ बाहेर पायरीवर फोडला, मला खोबरं दिलं. पण ते हसणं माझ्यात राहिलं. मला वाटलं, देवाधर्माचं, सणवाराचं इथं बोलायचं नाही. इथं शिकलेल्यांचं काम आहे. बुवा म्हणतात तेही गंमत म्हणूनच म्हणत असतील.

पुढं वाकड्या शेतकऱ्यांचे शनिवार सुरू झाले. आणि एका शनिवारी माझ्या मनात आलं, साहेब दिवस मोजतात, पण अवस मोजत नाहीत. मंडळी, तुम्हाला काय सांगायचं? आपल्याकडं अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाची सुट्टी असते. कोणी सांगत नाही, कोणी लिहीत नाही, लहानपणापासून माहीत असतं. जुन्या रांगेत हे कधी अडलं नाही. अवसेला नवी गाडी यायची नाही, आधीच्या मुक्कामी गाड्यांचा कापूस घ्यायचे, दुसऱ्या दिवशी रांग पुढं. रांगेला अवस आपोआप कळायची. यंत्राला मात्र कोणीतरी सांगावी लागते.

मला ते दिसलं. मी मनात माणूससुद्धा तयार केला होता. नाव ठरवलं होतं. ज्याचा दिवस अवसेला आला आणि जो बैल जुंपत नाही, असा शेतकरी. शनिवारी माझी पाळी आली. साहेब म्हणाले, "बोला बुवा, काय आणलं?" माझ्या तोंडाशी आलं होतं. आणि मला तो नारळ आठवला. वाटलं, परत हसतील. अवस म्हटलं की भुतंखेतं म्हणतील. मी म्हणालो, "काही नाही साहेब, या बारी सुचलं नाही."

साहेब म्हणाले, "राहू द्या. भजे खा."

मी खाल्ले, मंडळी.

हंगाम सुरू झाला. पहिली अवस नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी आली. केंद्र बंद. काही झालं नाही. मी देवाचे आभार मानले. मला वाटलं, माझी शंकाच खोटी होती. चूक झाकली गेली होती, मिटली नव्हती.

दुसरी अवस कामाच्या दिवशी आली. त्या दिवशीच्या बऱ्याच गाड्या आदल्या दिवशीच येऊन राहिल्या, काहींनी ट्रॅक्टर केला. सात गाड्या आल्या नाहीत. यंत्राला जे सांगितलं होतं ते त्यानं केलं. दिवस चुकवला, नाव शेवटी. साहेब नेमके उंद्रीला गेले होते, डबा घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही गाड्या फाटकावर. फाटकावर मी. हातात नवी यादी. पहिली गाडी तायडेबाबांची.

मी म्हणालो, "बाबा, तुमचा नंबर गेला. शेवटी लागला. अठरा दिवस."

बाबा म्हणाले, "काऊन गेला?"

"काल आले नाही ना तुमी."

"अरे, काल अवस होती. अवसेले बैल जुपते का कोणी? तुले माहीत नाही का बे? तुह्या बापानं जुपले का कधी?"

आणि मी काय म्हणालो, ते बाबांना आठवत असेल. मी म्हणालो, "मले काय इचारता? मशीनले इचारा. मशीननं ठरवलं."

मशीननं ठरवलं! मंडळी, मला माहीत होतं. त्या फाटकावर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांत, ही चूक कुठून आली हे फक्त मला माहीत होतं. आणि मी कागद पुढं केला आणि कागदाच्या मागं उभा राहिलो. निदान एक करता आलं असतं. साहेब येईपर्यंत गाड्या शेडखाली घेता आल्या असत्या. तेही सुचलं नाही. मी सातही गाड्या उघड्या आवारात लावल्या. बाबांची सगळ्यांत खालच्या बाजूला, जिथं पाणी साचतं.

दुपारी आभाळ भरून आलं. भर थंडीत पाऊस. सहा जणांकडं ताडपत्री होती. बाबांकडं नव्हती, कारण त्यांना मुक्काम करायचाच नव्हता, यादीनं त्यांना तसं वचन दिलं होतं. गाडी भिजली. पांढरा कापूस होता, पहिल्या वेचणीचा, घरच्या बायकांनी निवडून भरलेला. संध्याकाळपर्यंत त्याचा रंग गेला होता.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. कोणीतरी एष्टी स्टँडवरच त्यांना सांगितलं. ते ऑफिसात आलेच नाहीत. सरळ आवारात गेले. बाबा चिखल नसलेली जागा बघून, जमिनीवर फारी टाकून कापूस वाळवत होते. साहेबांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि शेजारी बसले. ओला कापूस मोकळा करायला लागले. बाबांनी त्यांना काय काय म्हटलं! "तुह्या मशीनले आग लागो. घाटावरचा हायस ना तू? तिकडं अवस नसते का?" साहेब म्हणाले, "असते बाबा. मी इसरलो. मुंबईत राहून इसरलो."

तीन दिवस ते तिथं बसले. पहिल्या दिवशी बाबा नुसत्या शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बाबा, अजून कोणत्या दिवशी नाही जुपत?" आणि तिसऱ्या दिवशी मी लांबून बघत होतो, बाबा बोटं मोजून सांगत होते आणि साहेब मांडीवर वही ठेवून लिहीत होते. कोणत्या गावात सोमवार पाळतात, कुठं जत्रा, कोणाच्या घरी कोणता दिवस. त्या वहीतून आपली आजची यादी आली. त्यानंतर तीन हंगाम एकाही गाडीचा दिवस असा बुडाला नाही. आणि साहेबांनी त्या रजिस्टरवरचं "वाकडे" खोडलं. नुसतं शेतकरी ठेवलं.

मग संचालकांची बैठक झाली. अध्यक्षसाहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विचारलं होतं, "ही कोणाची चूक?" मी फायली घेऊन भिंतीजवळ उभा होतो. साहेब म्हणाले, "विचारायचं राहिलं. विचारणं माझं काम होतं. माझी चूक." तुम्ही म्हणालात, "पण तुमच्यासोबत इथलीच चार माणसं बसत होती. त्यांना सगळ्यांना अवस माहीत. एकानंही सांगितलं नाही?"

साहेब म्हणाले, "सांगावंसं वाटेल अशी जागा मी ठेवली नसेल, साहेब. तीही माझीच चूक."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला आजही कळत नाही, त्यांना माहीत होतं की नव्हतं. बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. कदाचित नसतो. मी फायली छातीशी धरून उभा राहिलो.

साहेबांचा एक नियम होता. झालेली प्रत्येक चूक वहीत लिहायची, कशी झाली, कशी सापडली, काय बदललं. पण माणसाचं नाव लिहायचं नाही. ते म्हणायचे, "नाव लिहिलं की पुढच्या बारी माणूस चूक लपवते. मग चूकही जाते आणि माणूसही जाते." त्या वहीत दुसऱ्या कोणाचं नाव नाही. फक्त या एका चुकीपुढं नाव आहे. दिनकर जवंजाळ. त्यांनी स्वतःचा नियम एकदाच मोडला, आणि तो माझ्या चुकीपायी मोडला.

गेल्या वर्षी एकदा मी बोलायचा प्रयत्न केला. चहा घेत होतो. म्हणालो, "साहेब, ते अवसेचं..." ते म्हणाले, "झालं की बुवा ते. घातलं नियमात." आणि कपबशी ठेवून उठले. मी म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. रोज देवासमोर बसतो मी. देवाला सांगितलं. देवाला सांगायला काय लागतं? तो कुठं फाटकावर येऊन विचारतो? ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस दहा हातांवर बसत होता.

आता तो माणूस नाही. पण दुसरा आहे.

तायडेबाबा. तुमचा कापूस मशीननं भिजवला नाही. जवंजाळसाहेबांनी भिजवला नाही. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. मला हसतील म्हणून. आणि तुम्ही फाटकावर विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तुम्ही तीन वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, आणि त्यानं त्या घेतल्या. मला माफ करा असं मी म्हणत नाही. ते तुमच्याकडं.

काय म्हणता बाबा? मोठ्यानं म्हणा, मागच्यांना ऐकू जात नाही.

बाबा म्हणतात, "मले तव्हाच वाटलं होतं, हा माळकरी मानूस अन् याले अवस माहीत नाही कशी?"

बरोबर आहे, बाबा. बरोबर आहे.

बाबा अजून म्हणतात, "त्याले सांगा लागत होतं रे. चांगला होता तो. माह्यासंगं कापूस मोकळा केला त्यानं."

हो बाबा.

वहिनी, तुमच्यापुढं मान वर करून बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तुमच्या घरी आलो नाही. राग मानू नका. आता येईन.

आणि तुम्ही सगळे, माझी एवढीच विनंती आहे. उद्यापासून बाजारात कोणी मशीनचं नाव काढलं, जवंजाळसाहेबांचं नाव काढलं, तर सांगा, ती गजाननची चूक होती. स्पष्ट सांगा. माझ्यासमोर सांगितलंत तरी चालेल. मला बरंच वाटेल.

आता उभे राहू या. तायडेबाबांना कोणीतरी हात द्या. मी ज्या ठिकाणी बोलायला हवं होतं तिथं गप्प राहिलो, त्यामुळं गप्प राहण्याची मला भीती वाटते. तरी दोन मिनिटं गप्प राहू. त्यांच्यासाठी. आता माझ्याजवळ लपवायला काही नाही, म्हणून मलाही तुमच्यात उभं राहता येईल.

साहेब, गजाननचा नमस्कार.